शिवेबाहेरची एक रात्र

हॉस्टेलवर पहिल्यांदा एकटी पोरगी आली, तेव्हा तुकाआक्कांनी तिच्या मागून आणखी कोण उतरतंय ते बघायला जीपच्या आत डोकं घातलं. आत ड्रायव्हर तंबाखू मळत बसला होता. आक्कांनी त्यालाच विचारलं, "बाकीची मानसं कुटं हायेत?"

"एवढीच हाय," तो म्हणाला.

आक्का वळून पोरीकडं बघत राहिल्या. पाठीवर भलीमोठी पिशवी, बुटांना चिखल, आणि तोंडावर काळजी म्हणून काही नाही.

"एकटी?"

"हो, एकटीच."

"का गं बाई? कुनी न्हाई का तुला?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कपाळावर हात मारून घेतला. पाहुण्यांना असलं काही विचारायचं नाही, हे स्वानंददादानं आम्हाला दहादा बजावलं होतं. स्वानंददादा म्हणजे आमचा मालक, पुण्याचा. त्याच्या वडिलांनी कोळवण खोऱ्यात फार्महाऊस घेतलं आणि वर्षभर कुलपात ठेवलं. ह्यानं त्याचं हॉस्टेल केलं. हॉस्टेल म्हटल्यावर आमच्या वाडीला वाटलं, शाळेच्या पोरांचं वसतिगृह निघतंय. तसं नव्हतं. एका खोलीत पाच-सहा दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, पडद्याच्या आत एक दिवा. एकट्या माणसानं अख्खी खोली घेऊन काय करायचं? तो एक खाट घेतो, स्वस्तात राहतो आणि सकाळी पुढं जातो. मी, कल्पना, तिथं स्वयंपाक करते. तुकाआक्का खाटा करतात, चादरी धुतात, झाडलोट बघतात.

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझी सासू म्हणते, हिला बोल म्हणावं लागत नाही, गप म्हणावं लागतं. पण आक्कांच्या बाबतीत गप बसणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही.

त्या मूळच्या आमच्या वाडीच्या नव्हेत. बाप धनगर, फलटणकडचा. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा संसार घेऊन तो चालत कोकणात उतरायचा. कुणाच्या तरी खाचरात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात भात घ्यायचं, दोन रात्री झाल्या की पुढचं रान. आक्का सांगतात, "लगीन हुईस्तवर एका जागी म्हैनाभर झोपल्याली मला ठावं न्हाई." असल्या बाईला म्हसूदाजींनी लग्न करून आणलं. दाजी माणूस गरीब. चार शेळ्या, थोडं भात, आणि फार्महाऊसवाल्यांच्या बागेत पाणी घालायचं काम.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच वाघजाईच्या जत्रेत आक्कांच्या अंगात आलं. ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. आधीचं झाड म्हणजे एक म्हातारी, ती त्याच साली वारली होती आणि देवी आता कुणाला धरते म्हणून वाडी वाट बघत होती. देवीनं धरलं ते काल आलेल्या सुनेला. अख्खी वाडी त्या कोवळ्या पोरीच्या पाया पडली, सासूसुद्धा. तेव्हापासून आक्कांच्या ओट्यावर माणूस बसलेलंच असतं. शेळी हरवली, पोरगी नांदत नाही, बोअरला पाणी लागेल का, पोराला हिंजवडीत चिकटवून घेतील का. हल्ली तर फार्महाऊसवाल्यांच्या गाड्याही गुपचूप येतात, आणि जाताना काचा वर करून जातात.

आक्का कुणाला नाही म्हणत नाहीत. हातातलं भांडं ठेवतात, पदराला हात पुसतात, बसतात. एकदा चादरी वाळत घालताना मी विचारलंच, "आक्का, खरं सांगा, दर बारीला येतं का वो अंगात?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "कवा येतं. कवा न्हाई."

"आन न्हाई आलं तर?"

"मानूस बसल्यालं आसतं ना गं म्होरं," त्या म्हणाल्या आणि चादर झटकायला लागल्या.

हे एक वेळ मी समजून घेईन. पण आमच्या वाडीचा जो नियम आहे ना, तो ऐकला की माझं डोकं फिरतं. झाडानं गावाची शीव ओलांडून रात्र काढायची नाही. दिवसा जा कुठं जायचं तिथं, पण दिवेलागणीच्या आत परत. कुणी केला हा नियम, विचारू नका. मी विचारला होता. उत्तर काय, तर "पयल्यापासून हाय." म्हणजे पौडला भाचीचं लग्न असलं तरी हळदीच्या रात्री आक्का नाहीत. धाकट्या बहिणीचं बाळंतपण, आक्का नाहीत. आक्कांची आई गेली तेव्हा म्हसूदाजींनी जीप करून त्यांना फलटणला नेलं. भाऊ मुंबईहून यायचा होता म्हणून माती दुसऱ्या दिवशी ठरली. आणि दुपार कलली तशी वाडीतली माणसं घड्याळं बघायला लागली. आई अजून घरात होती, आणि हिला उठवून जीपमध्ये बसवलं. वाघजाई म्हणे सगळ्या डोंगरावर हिंडते, कुणाच्या बापाला विचारत नाही. आणि तिच्या झाडाला मेलेल्या आईजवळ एक रात्र बसता येत नाही! मी तेव्हा वाडीत नवीन सून होते, नाहीतर जीपच्या चाकापुढं आडवी पडले असते.

तर ही अशी बाई हॉस्टेलवर आली आणि रोज काय बघायला लागली? एकट्या पोरी. पिशवी टाकतात, खाटेवर चढतात, पडदा ओढून घेतात. कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठली, कुणाची, कशाला आलीस. आक्का चादरी घड्या करायच्या आणि त्या ओढलेल्या पडद्यांकडं बघत राहायच्या.

त्यातली उत्कर्षा नावाची एक पोरगी परत परत यायला लागली. मूळची लातूरकडची, नोकरीला हिंजवडीत, राहायला महाळुंग्यात. तिथं बिल्डिंगीच बिल्डिंगी, झोप येत नाही म्हणायची. आमच्या ओट्यावर बसून कांदा चिरून द्यायची आणि कुठं कुठं एकटी जाऊन आली ते सांगायची. हंपी, गोकर्ण, कुठलीतरी हिमालयातली गावं. सगळीकडं असल्याच हॉस्टेलात एक खाट. आक्का हातातलं काम सोडून ऐकायच्या.

"रातच्याला उठून पानी कोन देतं तुला?"

"कोण देणार मावशी? आपलं आपण घ्यायचं."

"मंजी कुनी काय मागत बी आसंल का न्हाई?"

उत्कर्षा हसली. "माझ्याकडे कोण काय मागणार? तिथं मला ओळखतंच कोण?"

 पुढं कितीतरी दिवस आक्का मध्येच, भांडं विसळताना, झाडू मारताना म्हणायच्या, "तितं वळखतच न्हाई म्हनं कुनी." जणू कुणी त्यांना सोन्याची खाण दाखवली होती.

मग एक दिवस त्यांनी सांगून टाकलं. लहानपणी मेंढरांमागं जाताना एका टेकाडावरून त्यांना समुद्र दिसला होता. खाली उतरून बघू म्हणून त्या बापाच्या मागं लागल्या. बाप म्हणाला, "खारं पानी, मेंढराच्या काय कामाचं?" आणि कळप वळवून चालता झाला. तेवढाच त्यांनी बघितलेला समुद्र.

"मला एकच रात पायजे, कल्पे," त्या म्हणाल्या. "लई न्हाई. समिंदराजवळ आसलंच हाटील आसंल तर खालची खाट घ्यायची. परदा वढून घ्यायचा. सकाळच्याला उठून समिंदर बगायचा आन माघारी यायाचं."

"मी येते की संगं," मी म्हटलं.

"तू आलीस तर एकटी कशी गं मी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.  मी आपली भाकरी उलटवली.

उत्कर्षाला सांगितलं तर ती टुणकन उडालीच. श्रीवर्धनकडं तिच्या ओळखीचं एक हॉस्टेल होतं, बायकांची वेगळी खोली. तिनं तिथं खालची खाट पक्की केली. पौडाहून एसटी धरायची, ताम्हिणी घाटानं माणगाव, तिथून दुसरी एसटी. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे तोही प्रश्न नाही. सगळं तिनं आक्कांकडून पाठ करून घेतलं. राहिली पायताणं. पाहुणे विसरून गेलेल्या वस्तूंचं एक खोकं आमच्याकडं असतं, त्यात निळे कापडी बूट निघाले. जरा तंग होत होते. आक्का म्हणाल्या, "आसू दे, चालून सैल हुत्याल." नाडी बांधायला मी शिकवलं. बायकांच्या रिकाम्या खोलीत खाटेवर बसून त्या नाडी बांधायच्या, सोडायच्या, परत बांधायच्या. चुकली की मलाच शिव्या.

आता विचारायचं राहिलं. आक्कांनी आधी म्हसूदाजींना विचारलं. दाजी शेळीला पाला टाकत होते. म्हणाले, "माजं काय बी न्हाई. जा की. पर देवीचं काय?" मग भिवाजीबाबांकडं गेल्या. भिवाजीबाबा म्हणजे वाडीतले जाणते. देवीपुढं धूप तेच घालतात आणि देवी काय बोलली ते लोकांना फोडून तेच सांगतात. ते म्हणाले, "तुका, मला तू लेकीवानी. मी कोन नगं म्हननारा? पर देवीनं सोडलं पायजे." ज्याला विचारावं तो आपला भला, आणि सगळे देवीच्या मागं दडलेले!

उत्कर्षा शनिवारी आली तेव्हा मी तिला हे रडगाणं ऐकवलं. ती सहज म्हणाली, "मग देवीलाच विचारा ना. देवी तर मावशींच्याच अंगात येते."

मी हसले. आक्का हसल्या नाहीत. हातातली उशी तशीच धरून बसल्या.

पौर्णिमेला देवळापुढं वाडी जमली. भातं झोडून झालेली, पेंढा रचलेला, माणसं निवांत होती. हलगी वाजायला लागली, भिवाजीबाबांनी धूप घातला. आक्का घुमायला लागल्या. केस सुटले. ते खरं होतं का आणलेलं होतं, मी सांगू शकत नाही. मी त्यांना रोज बघते, आणि मलाही त्या वेळी भीती वाटली.

"आई, बोल," भिवाजीबाबा म्हणाले.

"ह्या झाडाला समिंदरावर जायाचंय," आक्का म्हणाल्या. आवाज खर्जातला. "येक रात तितं ऱ्हायाचंय. एकटीला. कुनी बी संगं यायाचं न्हाई. ऐका रं लेकरांनो."

हलगी थांबली.  मनात म्हटलं, वा गं माझी वाघीण, जिंकलीस!

आणि भिवाजीबाबा ढसाढसा रडायला लागले.

"आई रुसली," ते म्हणाले. "आरं, आई रुसली आपल्यावर! आपल्याला टाकून चाललीया."

झालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणी म्हणालं, औंदा देवळाला रंग दिला नाही. कुणी म्हणालं, जत्रेत लाऊडस्पीकरवर नको ती गाणी लावली. रंभाबाई, आक्कांची शेजारीण, तोंडात मारून घेऊन म्हणाली, माझाच नवसाचा कोंबडा फेडायचा राहिलाय. जो तो आपलं पाप शोधायला लागला. एकानं धीर करून विचारलं, "पर कुनी संगं येऊ नका म्हनती की आई?"

भिवाजीबाबांनी डोळे पुसले. "सून रुसून बसली आन म्हनली मला एकटीला माहेरी जाऊ द्या, तर तू एकटीला सोडशील का?"

"न्हाई."

"मग? घरदार संगं जातं का न्हाई समजूत काढायला?"

"जातं."

तोवर आक्कांचं वारं उतरलं होतं. त्या पाटावर बसून ऐकत होत्या. आणि इथंच घात झाला. कारण वारं उतरलं की देवी काय बोलली हे झाडाला आठवत नसतं. आठवत नाही म्हणूनच तर लोकांचा विश्वास. आता तिनं तोंड उघडून म्हणायचं तरी कसं, की अहो, मी एकटीच म्हणाले होते? मी बघत होते त्यांच्याकडं. ओठ हलले. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, विचारावंच लागतं, "काय म्हनली वो आई?"

भिवाजीबाबांनी मायेनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "आईला समिंदर दावायचाय, तुका. तू काय बी काळजी करू नगंस. आमी समदी हाय तुज्या संगं."

दोन जीपा आणि एक टेम्पो. उत्कर्षानं खाट धरून ठेवलेल्या दिवशीच पहाटे निघालो, तिला कळवायचं राहूनच गेलं. हलगी, नारळ, हिरवा खण, रंभाबाईचा तो राहिलेला कोंबडा. आक्का मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंना दोन-दोन बायका. पायात काही नाही, कारण देवी अनवाणी जाते. बूट हॉस्टेलच्या खोक्यात. ताम्हिणी उतरताना आक्का खिडकीकडं बघत होत्या, पण खिडकीत रंभाबाई बसली होती आणि तिला गाडी लागत होती.

समुद्र आला. वाळूवर चार पर्यटक होते, ते आमचा लवाजमा बघून मोबाइल काढायला लागले. आक्कांना धरून पाण्यापर्यंत नेलं. मग प्रश्न पडला की देवीनं एक रात म्हटलंय आणि एकटी म्हटलंय, त्याचं काय करायचं? झाडाला रात्र तर बाहेर काढता येत नाही. पुरुष बाजूला जाऊन बोलून आले. भिवाजीबाबांनी तोड काढली. किती खूश होते म्हातारे! आम्हा बायकांना त्यांनी आक्कांभोवती गोल उभं केलं, त्यांच्याकडं पाठ करून. म्हणजे आक्का एकट्या झाल्या. मग टेम्पोतली घोंगडी आणली आणि सगळ्यांनी मिळून वर धरली. आत अंधार झाला.

"आई, ही तुजी रात," भिवाजीबाबा बाहेरून ओरडले. "आन तू एकटी हायेस. आता राग सोड."

मीही त्या गोलात होते, घोंगड्याचं टोक धरून. शरमेनं माझी मान वर होत नव्हती. पाठीमागून आक्कांचा आवाज आला, अगदी हळू.

"कल्पे."

"काय आक्का?"

"समिंदर कुनीकडं हाय गं?"

मी तोंड वळवलं नाही. वळवायचं नव्हतं. "आवाज येतोय ना, तिकडं," मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"उजाडलं!" भिवाजीबाबा ओरडले. घोंगडी खाली आली, हलगी कडाडली, बायका आक्कांच्या पाया पडायला एकदम वळल्या. आरती, नारळ, प्रसाद, आणि चला चला, दिवेलागणीच्या आत शीव गाठायचीय. परतताना सगळी वाडी हलकी झाली होती, गाणी म्हणत होती. देवीचं मागणं शब्दाला शब्द पुरं केलं होतं ना. राग तरी कुणावर धरायचा? त्यांच्यातल्या एकाच्याही मनात पाप नव्हतं. म्हणूनच मला जास्त संताप आला.

संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला. "ताई, मावशी अजून पोचल्या नाहीत. हॉस्टेलवाली म्हणतेय खाट रिकामीच आहे. मला भीती वाटतेय."

"पोचल्या त्या," मी म्हटलं. "घरी पोचल्या."

मग सगळं सांगितलं. ती पलीकडं रडली. मी नाही रडले, मी भांडी आपटली.

पुढं काही दिवस आक्का कामावर यायच्या तशा परत जायच्या.  मी दोनदा छेडून बघितलं, तर म्हणाल्या, "आता म्या काय मागायचं र्‍हायलं? समदं दिलं त्येंनी."

आठवड्याच्या मधल्या वारी हॉस्टेल रिकामं असतं. अशाच एका दुपारी मी डाळ निवडत बसले होते. फाटकाची कडी वाजली. बघते तर आक्का. पायात निळे बूट, खांद्याला उत्कर्षानं दिलेली जुनी पिशवी. मागच्या दारानं कधी बाहेर पडल्या, रस्त्यानं कधी फिरून आल्या, मला पत्ता नाही. पाहुणे येतात तशा पायवाटेनं वर आल्या. दाराशी बूट काढले, कारण चपला-बूट बाहेर ठेवायचे हा नियम पाहुण्यांनाच असतो. माझ्याकडं बघितलंही नाही. बायकांच्या खोलीत गेल्या, खालच्या खाटेवर पडल्या आणि पडदा ओढून घेतला.

मी जागची हलले नाही. डाळ निवडायचा आवाज होऊ नये म्हणून हात थांबवला.

थोड्या वेळानं रंभाबाई आली. "आक्का हायेत का गं? शेळीचं लक्षान ठीक दिसंना. पानी बी पिईना. इचारायचं हुतं."

"न्हाईत," मी म्हटलं.

"घरी बी न्हाईत." तिची नजर दाराशी ठेवलेल्या बुटांवर गेली. "कोन आलंय?"

"पावनी हाय. झोपलीया."

"बरूबर कोन?"

"कुनी न्हाई. एकटीच आलीया."

रंभाबाई खोलीच्या दारात गेली आणि ओढलेल्या पडद्याकडं टक लावून बघत राहिली. "एकटी? आन घरच्यांनी सोडली?"

"सोडली."

"नशीब काडलं बाई," ती म्हणाली. खरंच म्हणाली, हेवा वाटून. पडद्याआड काही हललं नाही. मग तिनं फाटकाजवळच्या दगडावर बसकण मारली. "मी बसते हितंच. येत्याल की आक्का. जाऊन जाऊन जानार कुटं त्या?"

मी आत गेले. पडद्याला तोंड लावून म्हटलं, "आक्का, उठू नका. बसू दे तिला संध्याकाळपत्तुर. शपथ हाय तुमाला माजी."

 आतून आक्का म्हणाल्या, "तिच्या शेळीचं पयलंच वेत हाय. भ्याली आसंल रंभी."

पडदा सरकला. आक्का उठून बसल्या. तोंड सुजलेलं होतं. खाटेवरची चादर त्यांनी काढली, उशीचा अभ्रा काढला आणि पाहुणे जाताना टाकतात तसं दोन्ही धुण्याच्या टोपल्यात टाकलं. दाराआडून हात काढून बूट आत ओढले, नेऊन खोक्यात ठेवले, नाड्या आत खोचल्या.

"चेकौट केलं गं," त्या मला म्हणाल्या.

आणि स्वयंपाकघराच्या दारानं, अनवाणी, वळसा घालून फाटकाकडं गेल्या. रंभाबाई धडपडत उठली. "आगं बाई, आक्का! कुटं हुता?"

"गेले हुते जरा बाहीर."

"तुमी आन बाहीर!" रंभाबाई हसली आणि वाकली. तंग बुटांचे वळ आक्कांच्या पायांवर अजून लाल होते. रंभाबाईनं त्यावरच डोकं टेकलं आणि शेळीचं सांगायला लागली.